कामावरचे गणवेश: तिसाव्या धुण्यानंतर काय उरतं?

नमुन्याचा शर्ट नेहमीच देखणा असतो. कडक इस्त्री, कॉलरीत पुठ्ठा, पारदर्शक पिशवी, टाचण्या लावून बसवलेली घडी. रंग पाहिला जातो, भाव ठरतो आणि ऑर्डर जाते. त्यानंतर त्या शर्टाचे दिवस धुण्याच्या मशीनमध्ये, उन्हात आणि इस्त्रीखाली जातात. तिथं तो कसा टिकेल, हे ऑर्डर देताना बहुतेक जण विचारतच नाहीत.

एक हिशेब करून पाहा. आठवड्याला ६ दिवस काम आणि माणशी ३ जोड असतील, तर प्रत्येक शर्ट आठवड्यातून दोनदा धुतला जातो. म्हणजे वर्षाला शंभरएक धुणी, आणि ३० धुणी तर साडेतीन महिन्यांतच होतात. घरच्या कपड्यांना इतका मार कधीच बसत नाही. म्हणून बाजारात गणवेश म्हणून जे जे विकलं जातं, ते इथं एकाच कसोटीवर तोललं आहे: ३० धुण्यांनंतर ते घालून माणूस ग्राहकासमोर उभा राहू शकतो का, आणि दिवसभर त्यात काम करू शकतो का.

शर्टाचं कापड

अंगाला सर्वांत बरं वाटतं ते शुद्ध सुती पॉपलिन. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर सूत कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा स्वतःत धरून ठेवतं. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के धरतं. उभ्यानं आठ तास काम करणाऱ्याला हा फरक पाठीवर कळतो. पण सुती शर्ट चुरगळतो, रोज इस्त्री मागतो आणि आटतो. आटण्यावर उपाय आहे. शिवण्याआधीच कापड यंत्रात दाबून आटवून घ्यायची सॅनफोरायझिंग नावाची पद्धत आहे, सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती नीट झाली असेल तर उरलेलं आटणं १ टक्क्याच्या आसपास येतं. तसं न केलेलं कापड ५ टक्के सहज आटतं. ७६ सेंटीमीटर लांबीचा शर्ट मग जवळपास ४ सेंटीमीटर आखूड होतो आणि फळीवरचा खोका काढायला हात वर केला की पँटमधून बाहेर येतो.

टेरिकॉट, म्हणजे ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत, वजन ११५ ते १३५ जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). दुकान, कार्यालय, स्वागतकक्ष अशा ठिकाणी शर्टासाठी आमची पहिली पसंती यालाच आहे. लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते, आकार टिकतो. याचे दोष माहीत असले की ते सांभाळता येतात. पहिला दोष गोळ्यांचा. घासून सुटलेले तंतू गुंतून त्यांचे बारीक गोळे होतात. सुती कापडावरचे गोळे धुण्यात झडून जातात, पण पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्यामुळे तो गोळ्याला कापडाशी बांधून ठेवतो. बगलेखाली, कमरेच्या पट्ट्यापाशी आणि काउंटरला टेकणाऱ्या बाहीवर हे आधी दिसतं. दुसरा दोष तेलाचा. पॉलिएस्टर पाणी धरत नसलं तरी तेल मात्र घट्ट पकडतं, म्हणून कॉलरीवरचा तेलकट पट्टा आणि घामाचा वास साध्या धुण्यानं निघत नाही. कॉलर आणि बगलेला आधी साबण लावून पंधरा मिनिटं ठेवावं लागतं, मगच शर्ट मशीनमध्ये टाकायचा.

उलटं मिश्रणही मिळतं, सूत ६० आणि पॉलिएस्टर ४०. व्यापारात याला सीव्हीसी म्हणतात. उकाड्यात, स्वयंपाकघराला लागून किंवा सतत चालायचं काम असेल तर हे घ्यावं. इस्त्रीचा त्रास थोडा वाढतो, घालणाऱ्याची तक्रार बरीच कमी होते.

शंभर टक्के पॉलिएस्टरचा शर्ट गणवेश म्हणून विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फासे घालून विणलेल्या (निटेड) खेळाच्या टी-शर्टची गोष्ट वेगळी, तिथं धाग्याची रचनाच घाम पसरवून वाळवण्यासाठी केलेली असते. साध्या विणीच्या पॉलिएस्टर शर्टात यातलं काहीच नसतं. आणि जिथं आच, ठिणगी किंवा विजेचं काम आहे तिथं तर हा शर्ट धोक्याचा आहे. पॉलिएस्टर साधारण २५५ ते २६० अंशांना वितळतं आणि वितळलेलं कापड त्वचेला चिकटतं. अशा ठिकाणी आयएसओ ११६१२ सारख्या मानकाखाली तपासलेले ज्वालारोधक कपडेच हवेत, आणि आतली बनियनही सुती हवी.

मिश्रण खरंच सांगितल्याइतकं आहे का, हे ढोबळपणे घरीच कळतं. कापडाच्या कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा येतो आणि करडी, बोटात चुरडणारी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागे कडक मणी उरतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. टक्केवारी हवी असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा. वजन मात्र स्वतः तपासा: १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा तुकडा बिनचूक कापून दागिन्यांच्या काट्यावर तोला आणि आलेल्या ग्रॅमला १०० नं गुणा. १.२ ग्रॅम म्हणजे १२० जीएसएम. तोलण्याआधी तुकडा एकदा धुवून वाळवा. खळ लावून कापड भारी करण्याची युक्ती जुनी आहे आणि पहिल्याच धुण्यात ती उघडी पडते.

रंग

रंग निवडताना बोधचिन्हाचा रंग कापडावर तसाच उतरवायचा हट्ट होतो आणि तिथं पहिली चूक होते. पॅन्टोनचे छपाईच्या कागदासाठीचे आणि कापडासाठीचे क्रमांक वेगळे असतात. कापडासाठी टीसीएक्स अक्षरं असलेला क्रमांक द्या आणि रंगवलेल्या कापडाचा तुकडा तीन उजेडांत पाहा: दिवसाच्या, दुकानातल्या दिव्यांच्या आणि पिवळ्या दिव्याच्या. एका उजेडात तंतोतंत जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. शर्टाचं कापड एका गिरणीचं आणि जाकिटाचं दुसऱ्या गिरणीचं असेल तर हे हमखास घडतं.

पक्केपणाचे आकडे मागायला लाजू नका. धुण्यातला आणि घासण्यातला पक्केपणा १ ते ५ या श्रेणीत मोजतात, उन्हातला १ ते ८ मध्ये. धुण्यासाठी किमान ४, गडद रंगाच्या ओल्या घर्षणासाठी किमान ३, आणि बाहेर उन्हात उभं राहायचं असेल तर प्रकाशासाठी ५ किंवा वर. ज्या विक्रेत्याला हे आकडे ठाऊकच नाहीत, त्याच्याकडे रंगाची हमी मागून उपयोग नाही.

घाम सर्वांत उठून दिसतो तो फिक्या निळ्यावर आणि राखाडी मिलांजवर (फिके-गडद तंतू मिसळलेल्या कापडावर). पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो झाकला जातो. काळा रंग स्वच्छ वाटतो, पण त्यावर पीठ, खडू, धूळ आणि कापडाचा भुगा सगळं दिसतं. सल्फर रंगानं रंगवलेलं स्वस्त काळं सुती कापड क्लोरिनच्या ब्लीचपुढे टिकत नाही, दोन-तीन वेळांतच तपकिरी पडतं. फिक्कट खाकी आणि बदामी रंगांचं वेगळंच आहे. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या साबणचुऱ्यात चकाकी देणारी द्रव्यं असतात आणि ती या रंगांची छटाच बदलतात. त्यासाठी अशी द्रव्यं नसलेला साबण घ्यावा लागतो.

दवाखान्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक कपड्यावर सांडलं असेल आणि तो कपडा क्लोरिनच्या ब्लीचमध्ये गेला, तर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. अशा कपड्यांना ऑक्सिजनवालं ब्लीच वापरावं. धुण्याचं तापमानही कापड निवडण्याआधी ठरवा. जंतूंसाठी ६५ अंशांवर १० मिनिटं किंवा ७१ अंशांवर ३ मिनिटं हे रुग्णालयांच्या धुलाईतले रुळलेले आकडे आहेत. शिवणीतल्या लेबलवर ४० अंशांची खूण असेल तर तो कपडा या कामाचा नाही, कितीही मऊ लागला तरी.

मॅटी पोलो

मॅटी म्हणजे बारीक जाळीदार विणीचं टी-शर्टचं कापड. त्याचा पोलो गणवेश म्हणून खूप खपतो. कॉलर असल्यामुळे नीटस दिसतो, इस्त्री नसली तरी चालतं, आणि मापांची भानगड शर्टाइतकी होत नाही. १८० जीएसएमच्या खालचा घेऊ नका, कॉलरीच्या वजनानं गळा ओढला जातो. २०० ते २२० ठीक. २४० उकाड्यात जड पडतो.

पोलो बिघडतो तो कॉलरीपासून. कॉलर आणि बाहीच्या पट्ट्या वेगळ्या विणून आणतात. त्या अंगाच्या कापडाबरोबर रंगाच्या एकाच खेपेत रंगवलेल्या नसतील तर नव्या कपड्यातही छटेचा फरक असतो आणि धुण्यानं तो वाढत जातो. शिवाय कॉलरीची टोकं वर वळतात. नमुना घेतला की कॉलर ओली करून, पिळून, तशीच वाळत टाका. टोकं पाव इंचापेक्षा जास्त वळली तर नको म्हणा. दुसरी तपासणी बाजूच्या शिवणीची. धुतल्यावर शिवण पोटावर सरकत आली तर विणकामात पीळ राहिलेला आहे आणि तो पुढे सुधारत नाही. मॅटीत हे कमी होतं, साध्या जर्सी विणीत जास्त. खांद्याच्या आणि मानेमागच्या शिवणीत आतून फीत घातलेली असावी, नाहीतर खांदे लांबत जातात. आणि गळ्याच्या पट्टीच्या तळाशी चौकोनी टाक्याची पक्की शिलाई हवी, कारण डोक्यातून काढताना सगळा ताण तिथंच येतो.

फासे घालून विणलेलं असं सुती कापड शर्टाच्या कापडापेक्षा जास्त आटतं, ५ टक्क्यांपर्यंत धरूनच माप ठरवा.

पँट

पॉली-व्हिस्कोजची पँट, साधारण ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के व्हिस्कोज, झोकदार पडते आणि दिसायला महागाची वाटते. स्वागतकक्षाला, बैठ्या कामाला उत्तम. पण व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. गरम पाण्यातल्या जोरकस व्यावसायिक धुलाईत म्हणूनच ही पँट गुडघ्यांशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लवकर विरते. सूत उलट ओलं असताना अधिक बळकट होतं. उठबस, वाकणं, ओझं उचलणं असेल तर सूत-पॉलिएस्टरची ट्विल किंवा ड्रिल, म्हणजे तिरप्या रेघांच्या घट्ट विणीचं कापड, घ्या, २२० ते २६० जीएसएम.

ताणल्या जाणाऱ्या कापडात २ ते ३ टक्के इलास्टेन असतं. वाकायला सोपं जातं आणि कर्मचाऱ्यांना आवडतंही. मात्र क्लोरिन आणि कडक उष्णता इलास्टेनला मारते. गरम ड्रायरमधून सतत निघालेली पँट काही महिन्यांत गुडघ्यावर फुगे धरते. घरी थंड पाण्यात धुणार असाल तरच घ्या.

पँटीत कापडापेक्षा शिलाई आधी दगा देते. बुडाची शिवण दुहेरी असावी. खिशांच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची आडवी गाठ, असावी. खिशाच्या आतलं कापड बोटांनी चोळून पाहा. ते जाळीदार निघालं तर किल्ल्या आणि मोबाईल दोन महिन्यांत त्यातून खाली येतील. बायकांच्या पँटीलाही तितकेच खोल खिसे मागा. ज्यांना कामात पेन, किल्ली, फोन सोबत ठेवावा लागतो त्यांना बिनखिशाची पँट देणं हा कामातला अडथळा आहे. मागच्या मध्य शिवणीत निदान ३ सेंटीमीटर माया ठेवायला सांगा, तेवढ्यात कंबर वाढवता येते. तयार पँटीत बहुधा १ सेंटीमीटरच सापडते.

स्वयंपाकघर

शेफ कोटाची समोरची दुहेरी बाजू शोभेसाठी नाही. उकळतं पाणी किंवा तेल उडालं तर दोन थर मध्ये येतात, आणि एका बाजूला डाग पडला की पुढची पाकळी उलटी बसवून ग्राहकासमोर जाता येतं. म्हणून एकेरी समोरचे, बारीक अंगाचे कोट कितीही आधुनिक दिसले तरी भट्टीजवळच्या माणसाला देऊ नका. बटणांऐवजी चापबटणं घ्या. गरम काही अंगावर सांडलं तर एका ओढीत कोट उघडतो. कापडात सूत जास्त असावं, बाह्या लांब असाव्यात आणि मनगटाशी दुमडता याव्यात.

अन्नपदार्थांच्या कारखान्यात नियम आणखी कडक असतात. कमरेच्या वरच्या भागात बाहेरून खिसा नाही, टाक्यांनी लावलेलं बटण नाही, कारण दोन्हीतून वस्तू पदार्थात पडतात. वेल्क्रोत केस आणि भुगा अडकतो, तोही टाळलेला बरा. कच्च्या आणि शिजलेल्या मालाच्या भागांना वेगवेगळ्या रंगांचे कोट दिले की चुकीच्या दारातून आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो.

एप्रन २४० जीएसएमच्या पुढचा, ड्रिल किंवा कॅनव्हासचा. मानेत अडकवायचा बंद दिवसभरात मान दुखवतो. पाठीवर फुलीसारखे जाणारे बंद असतील तर वजन खांद्यावर येतं. हा फरक रोज जाणवणारा आहे, त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर खर्च करावेत.

इथं धोक्याची एक सूचना. तेल मुरलेले सुती एप्रन आणि पुसणी नीट न निघालेल्या तेलासह ड्रायरमधून गरमागरम काढून ढिगात ठेवली, तर ती आतल्या आत तापत जाऊन आपोआप पेट घेऊ शकतात. खाद्यतेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते आणि ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडत नाही. ड्रायरचं शेवटचं थंड चक्र पूर्ण होऊ द्या आणि कपडे पसरून ठेवा.

चमकती जाकिटं

रस्त्यावर, गोदामात, वाहनांच्या जवळ काम असेल तर नुसत्या पिवळ्या जाकिटावर समाधान मानू नका. आयएसओ २०४७१ मध्ये तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर चमकतं कापड आणि ०.१३ चौरस मीटर परावर्ती पट्टी लागते, तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. पट्टी ५० मिलिमीटरपेक्षा अरुंद चालत नाही. लहान मापाच्या जाकिटात हे क्षेत्रफळ भरतं का, तेही विचारा. वर मोठं बोधचिन्ह छापून घेतलं की तितकं चमकतं कापड झाकलं जातं आणि जाकीट खालच्या वर्गात घसरू शकतं. लेबलवर किती धुण्यांपर्यंत गुण टिकतात याचा आकडा दिलेला असतो, तो जपून ठेवा आणि धुण्यांची नोंद करा. कपडे मऊ करणारं द्रव या जाकिटांना, तसंच ज्वालारोधक कपड्यांना, लावू नका.

नाव आणि बोधचिन्ह

भरतकाम सर्वांत टिकाऊ. छातीवरचं ८ ते ९ सेंटीमीटर रुंदीचं चिन्ह ठीक दिसतं. ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं भरतकामात गिचमिड होतात, तेव्हा घोषवाक्य, दूरध्वनी आणि संकेतस्थळ सगळं त्यात कोंबायचा मोह सोडा. दोरा पॉलिएस्टरचा सांगा. रेयॉनचा दोरा जास्त चमकतो, पण ब्लीचमध्ये फिका पडतो. टी-शर्टवर भरतकाम करताना मागे कापून काढायचं अस्तर लागतं, फाडून काढायचं नाही. ते हलकं वापरलं की दोन धुण्यांत चिन्हाभोवती चुण्या पडतात आणि त्या कुठल्याच इस्त्रीनं जात नाहीत. पातळ शर्टावर भरीव, दाट टाक्यांचं चिन्ह करायचंच नाही. तिथं बाह्यरेषेचं चिन्ह किंवा छपाई बरी. पावसाळी जाकिटावरही भरतकाम नको, प्रत्येक टाका म्हणजे पाणी आत यायचं एक भोक.

स्क्रीन छपाई मोठ्या संख्येला स्वस्त पडते. पण प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंशांपर्यंत तापवून पक्की करावी लागते. घाईत ती कमी तापवली तर दहाव्या धुण्यात तडकते. ओढून पाहा: छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणल्यावर शाई फाटली तर ती कच्ची आहे. लाल किंवा मरून पॉलिएस्टरवर पांढरी छपाई काही दिवसांत गुलाबी होते, कारण उष्णतेनं कापडातला रंग शाईत चढतो. त्यासाठी खाली रंग अडवणारा थर द्यावा लागतो, तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग थेट तंतूत चढवायची छपाई, फक्त फिक्या पॉलिएस्टरवर चालतं. सुती कापडावर ते करून देतो म्हणणाऱ्याला दुसरं काहीतरी विकायचं आहे.

नावाची पट्टी पिनेची असेल तर शर्टाला भोकं पडतात, लोहचुंबकाची असेल तर पडत नाहीत. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांना मात्र चुंबकाची पट्टी देऊ नका. सुरक्षारक्षकाला टाय द्यायचाच असेल तर चापाचा, ओढला की सुटणारा. गळ्यातल्या ओळखपत्राची फीतही झटक्यानं सुटणारी असावी.

माप

"तुम्हाला एम लागतो की एल?" असं विचारून केलेली ऑर्डर हमखास फसते. प्रत्येक उत्पादकाचा एम वेगळा असतो. विक्रेत्याकडून सगळ्या मापांचा एकेक नमुना, म्हणजे साइझ सेट, मागवा आणि प्रत्येकाला घालून पाहू द्या. खोली वेगळी असावी आणि मापाची नोंद एकट्यात घ्यावी. सगळ्यांसमोर माप सांगायचं म्हटलं की माणसं एक माप कमी सांगतात.

घातल्यावर तीन हालचाली करायला लावा: दोन्ही हात वर, उकिडवं बसणं, आणि समोर वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं. साध्या शर्टाला छातीच्या मापापेक्षा १० ते १२ सेंटीमीटर सैलपणा लागतो. हात वर केल्यावर बाही खेचली जात असेल तर शर्ट मोठा करून भागत नाही, बगलेचा घेर आणि पाठीची रुंदी बदलावी लागते. पाठीला दोन चुण्या घेतल्या तरी बराच फरक पडतो.

बायकांसाठी वेगळा बेत लागतो. पुरुषांच्या मापातला लहान शर्ट छातीवर ताणतो, दोन बटणांमध्ये फट पडते आणि खांदे लोंबतात. फट पडत असेल तिथं आतून एक चापबटण वाढवून घ्या. गरोदर कर्मचाऱ्यांसाठी बाजूंना लवचीक पट्टी असलेली पँट आणि लांब कुर्त्यासारखा शर्ट पहिल्याच ऑर्डरमध्ये नमुना म्हणून ठरवून ठेवा. ऐनवेळी त्याच रंगाचं कापड मिळत नाही. डोकं झाकणाऱ्यांसाठी त्याच कापडाचा रुमालही तेव्हाच करून घ्यावा.

शिवून, तयार की भाड्यानं?

शिंप्याकडून शिवून घेतलेला गणवेश अंगावर सर्वांत चांगला बसतो. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात शर्टाला सुमारे १.६ मीटर आणि पँटीला १.२ ते १.३ मीटर धरा, मोठ्या मापांना त्याहून जास्त. अडचण येते ती नव्या माणसाच्या वेळी. सहा महिन्यांनी त्याच क्रमांकाचं कापड मागवलं तरी नवा ताका रंगाच्या वेगळ्या खेपेतला असतो आणि छटा हलते. म्हणून पहिल्या खरेदीतच १० ते १५ टक्के कापड जास्त घेऊन, आधी आटवून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. एकाच माणसाचा शर्ट आणि पँट कधीही दोन ताक्यांतून कापू देऊ नका.

तयार मालात माप पुन्हा पुन्हा तेच मिळतं. पण ती मालिका विक्रेता किती वर्षं चालू ठेवणार, हे लेखी घ्या. हंगामी फॅशनच्या कपाटातला सुंदर शर्ट पुढच्या वर्षी बंद झालेला असतो आणि मग अर्धे लोक एका निळ्यात, अर्धे दुसऱ्यात दिसतात. गणवेशासाठीच कायम साठा ठेवणाऱ्या उत्पादकाचा कमी आकर्षक शर्ट इथं जास्त शहाणपणाचा.

भाड्यानं गणवेश देणाऱ्या सेवेत धुलाई, दुरुस्ती आणि बदली त्यांच्याकडे जाते. आठवड्याला ५ दिवस काम आणि आठवड्याला एकदा अदलाबदल असेल तर माणशी ११ जोड लागतात: ५ कामावर, ५ धुलाईत, १ अंगावर. तेल, रसायनं, अन्न यांच्याशी संबंध असलेल्या कामाला ही सेवा खरोखर उपयोगी आहे, कारण घाणेरडा कपडा कुणाच्या घरी जात नाही. करारात दोन गोष्टी पाहा: हरवलेल्या कपड्याची भरपाई वापराच्या वयानुसार घटते का, आणि माणूस सोडून गेल्यावर त्याच्या जोडांचं भाडं किती दिवस चालू राहतं. कापड आयएसओ १५७९७ च्या पद्धतीनं, म्हणजे औद्योगिक धुलाई आणि वाळवणीच्या चाचणीतून, तपासलेलं हवं. घरगुती धुण्याच्या चाचणीवर मंजूर झालेला शर्ट तिथल्या उष्णतेत टिकेल याची खात्री नसते.

ऑर्डरच्या आधीचे पंधरा दिवस

दोन शर्ट आणि एक पँट विकत घ्या, फुकटचा नमुना नको. एका शर्टाच्या पाठीवर न जाणाऱ्या शाईनं ५० सेंटीमीटरचा चौरस आखा, तेवढी रुंदी नसेल तर २५ चा. तो ज्या पद्धतीनं पुढे धुतला जाणार आहे त्याच पद्धतीनं, त्याच साबणानं, रोज दोनदा धुवा. पंधरा दिवसांत ३० धुणी होतात. तिसऱ्या धुण्यानंतर चौरस मोजा. ५० चे ४८.५ झाले तर आटणं ३ टक्के. शर्टाला त्याहून जास्त नको. दुसरा शर्ट न धुता शेजारी ठेवा आणि तिसाव्या धुण्यानंतर दोन्ही दिवसाच्या उजेडात लावून पाहा.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. कॉलरीवर आणि बाहीच्या पट्टीवर फोड आल्यासारखे फुगे दिसले तर आतलं फ्यूजिंग, म्हणजे कडकपणासाठी चिकटवलेलं अस्तर, सुटलं आहे. बटणाचा मोकळा दोरा हळूच ओढा. सगळं बटण एका ओढीत सुटलं तर ते साखळी टाक्यानं लावलेलं आहे, गाठ पडणाऱ्या टाक्याची मागणी करा. शिवणीवर इंचाला १० ते १२ टाके मोजून घ्या. त्याहून कमी असतील तर शिवण ताणल्यावर दात दाखवते, आणि पातळ कापडावर फार जास्त असतील तर सुईच्या भोकांच्या रेषेवरच कापड फाटतं. ओलं पांढरं फडकं गडद शर्टावर दहा वेळा घासा. फडक्याला लागलेला रंग पुढे ग्राहकाच्या खुर्चीला लागणार आहे.

हे जमलं की चार-पाच वेगवेगळ्या कामांवरच्या लोकांना तीन आठवडे तोच जोड वापरायला द्या. सर्वांत जास्त घाम येणारा, सर्वांत जास्त वाकणारा आणि सर्वांत उंच माणूस त्यात असलाच पाहिजे. त्यांना "आवडला का?" विचारू नका. कुठं खेचतं, कुठं टोचतं, दिवसातून किती वेळा शर्ट खोचावा लागला, खिशातून काय पडलं, हे विचारा.

मंजूर झालेल्या जोडाचे दोन मोहोरबंद नमुने करा, एक तुमच्याकडे आणि एक विक्रेत्याकडे. दोन्हीवर मिश्रण, जीएसएम, रंगाचा क्रमांक, बटण, दोरा आणि तारीख लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. माल आला की प्रत्येक मापातला एक कपडा या नमुन्याशी लावून पाहा. समजा ४० माणसं असतील, तर माणशी तीनप्रमाणे १२० जोड आणि वर १२ राखीव. राखीव जोड मधल्या मापांत जास्त ठेवा, पण सर्वांत मोठ्या मापाचा निदान एक असू द्या, तोच ऐनवेळी कुठं मिळत नाही. प्रत्येक कपड्याच्या आत दिलेल्या महिन्याची आणि वर्षाची पट्टी शिवून घ्या. कोणता ताका किती धुणी टिकला, हे पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्यावरूनच कळतं.